पिवळ्या पट्टीचे फ्रॉक

पूर ओसरला आणि आमच्या शेतावर मांडीएवढा गाळ बसला. त्यात पेरता येत नव्हतं की धड चालता येत नव्हतं. भावजी रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहायचे, पायाने गाळ चाचपायचे आणि परत यायचे. एकदा मी म्हटलं, "रोज बघून काय होणार आहे? गाळ काय तुमचं तोंड बघून उठून जाणार?" बोलणारा माणूस नाहीच तो. त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे माझा नवरा गेला, त्या दिवशीही हा माणूस मागच्या दारी संध्याकाळपर्यंत लाकडं फोडत बसला होता.

घरात भावजी, त्यांची बायको म्हणजे माझी धाकटी जाऊ, त्यांची पोरगी आणि मी. पोरीचं खरं नाव घरात कुणी घेत नाही. ती एका जागी कधी ठरायची नाही, म्हणून तिला भिंगरी म्हणतात. जेवतानासुद्धा तिचा एक पाय हलत असायचा. "पायाला काय मुंग्या चावतात का गं?" असं मी विचारायची, आणि ती दुसराही पाय हलवायची. मला मूल झालं नाही. धाकटीच्या पोटची असली तरी ती माझ्या मांडीवर वाढली, मला मोठी आई म्हणते, आणि तिच्यावर माझा जीव आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी का घाबरले ते वेगळं सांगायला नको.

पुरात आम्ही एकच वस्तू वाचवली, ती म्हणजे सासूबाईंचं पायाचं शिवणयंत्र. पाणी उंबऱ्याशी आलं तसं भावजींनी ते माळ्यावर चढवलं आणि धान्य खाली भिजलं. आता खायचं तर त्या यंत्रावरच खायचं होतं. सासूबाईंचा धंदाच तो. घरोघर हिंडून जुनी कापडं गोळा करायची, पडदे, चादरी, जुन्या विजारी, झिजलेलं काढून टाकायचं, धड तेवढं ठेवायचं आणि त्यातून पोरांचे कपडे शिवायचे. स्वस्त आणि टिकाऊ. पण त्यांचा एक नेम होता. एका कापडाचा कपडा एकाच अंगावर. उरलं तर त्याच कपड्याला खिसा लावायचा, अस्तर लावायचं, नाहीतर चुलीत घालायचं. एक चादर चार घरांत गेली असं त्यांनी कधी केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "फाटलेलं सांधता येतं गं. वाटलेलं सांधता येत नाही." याहून जास्त काही सांगायच्या नाहीत, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा विचारायची आमची छाती नव्हती.

आता हात माझे कापतात. यंत्रावर मी बसत नाही. उसवायचं काम माझं, आणि हाताने काठ दुमडायचं. शिवते धाकटी. आणि शिवते कसली, तिच्या बोटांत कला आहे, ते मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही, डोक्यावर बसेल. ती कापडं जमिनीवर पसरते, लांब उभी राहते, डोळे बारीक करते. विटक्या तपकिरी विजारीला निळ्या पडद्याची कॉलर लावते आणि तो सदरा असा दिसतो की श्रीमंताच्या पोराने मागावा.

पण त्या साली जुनी कापडं कोण देणार? सगळ्यांचीच भिजलेली, कुजलेली. लोकच फाटकी घालून फिरत होते. मग एका दुपारी भावजी पाठीवर गाठोडं घेऊन आले आणि अंगणात टाकलं. ओलं, गाळाने माखलेलं. त्यात सदरे होते, परकर होते, लहान पोरांचे कपडे होते.

"कुठून आणलंत?" मी विचारलं.

"खालच्या कुंपणाला अडकलं होतं."

नदीकाठी आमचं काटेरी कुंपण आहे. पूर त्याच्यावरून गेला होता. वरच्या अंगाला एक वस्ती होती, ती पुरात गेली. घरंही गेली आणि माणसंही. थोडी सापडली, बाकीची नाही. हे कपडे तिथलेच, हे सांगायला जाणता लागत नव्हता.

"मेलेल्यांचं आहे हे," मी म्हटलं. "परत नेऊन टाका."

"परत कुणाला द्यायचं, वहिनी? घ्यायला माणूस राहिलाय का तिथं?"

धाकटी मध्येच म्हणाली, "जाऊबाई, कापडाला काय माहीत कोण मेलं. सोड्याच्या पाण्यात उकळलं की झालं."

मी तोंड फिरवून बसले. पण भिंगरीने सकाळपासून नुसता चहा प्यायला होता, ते मला दिसत होतं. पोटापुढे कुणाचं काय चालतं? मीच उठून चूल पेटवली.

मोठ्या पिंपात सोडा घालून आम्ही ते कपडे उकळले. पाणी काळं व्हायचं, ओतायचं, पुन्हा उकळायचं. वाळले की मी उसवायला बसायची. शिवण उसवली की आतून बारीक वाळू गळायची. कितीही धुतलं तरी प्रत्येक दुमडीत थोडी वाळू असायचीच. माझ्या मांडीवर, ताटात, अंथरुणात वाळू झाली. एका सदऱ्याच्या खिशात अर्धवट सोललेली शेंग निघाली, दाणे तसेच. मी ती गुपचूप परसात पुरली.

त्यातच ती पिवळी चादर आली. भावजी म्हणाले, ती बाकीच्यांसारखी बोळा होऊन अडकली नव्हती. कुंपणावर सबंध पसरली होती आणि खालचा काठ काट्यांखाली खोचलेला होता. पाणी असं खोचत नाही.

चादर मोठी होती, दोन पन्ने मधोमध हाताने जोडलेले. पिकल्या लिंबाचा रंग, धुतल्यावर आणखीच उजळला. धाकटीने जोड बघितला आणि म्हणाली, "बघा तरी, टाके उलटे पडलेत. बाई डावखुरी होती." खरंच, आपला टाका एकीकडे झुकतो, हा दुसरीकडे झुकला होता, आणि एकही चुकलेला नव्हता. जागोजागी रफू केलं होतं, तेही तसंच. मी चादर उलगडून उजेडात धरली. वरच्या काठाला ओळीने फिके डाग होते, एकाशेजारी एक. मला कळलं ते काय आहे. रात्रीचं पांघरूण हनुवटीशी ओढून घेतलं की तिथं कापड झिजतं. या एका चादरीखाली बरीच पोरं ओळीने झोपत असणार.

"ही कापू नकोस," मी म्हटलं. "आपल्यालाच राहू दे पांघरायला."

"एवढा रंग पांघरुणात घालवू? वेड लागलंय का?" धाकटी म्हणाली. "बाकी सगळं कापड मातकट आहे, जाऊबाई. याची एकेक पट्टी प्रत्येक फ्रॉकच्या घेराला लावली, तर लोक लांबून ओळखतील."

"सासूबाई काय म्हणायच्या आठवतंय ना?"

"सासूबाई तर शिंकल्यावरही घराबाहेर पडायच्या नाहीत."

मला हसू आलं. तिथंच चुकलं. हसले आणि कात्री तिच्या हातात दिली.

फ्रॉक सुरेख झाले, हे मान्य करायलाच हवं. मातकट रंगाचे, साधे, पुढे एक मोठा खिसा आणि घेराला खाली वीतभर रुंद पिवळी पट्टी. बाजारात मांडले आणि दिवस कलायच्या आत संपले. नावाड्याने नातीसाठी नेला, गिरणीवाल्याने त्याच्या दोघी मुलींना नेले, मास्तरांच्या बायकोने घासाघीस करून मुलीसाठी नेला. शेवटचा एका मडकीवाल्याने घेतला. तो कुठला कोण जाणे, टेकडीपलीकडून गाडी घेऊन आलेला. मुलगी घरीच आहे म्हणाला, आणि वितीने माप सांगितलं. एक फ्रॉक धाकटीने भिंगरीला ठेवला होता. त्या संध्याकाळी घरात पोटभर जेवण झालं. भावजींनी दोनदा वाढून घेतलं आणि मला बरं वाटलं.

पहिल्यांदा मला खटकलं ते जेवतानाच. भिंगरीचा पाय हलत नव्हता.

मी कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. "काय झालं गं?" तर म्हणे काही नाही. ती सरळ बसली होती, शहाण्या पोरीसारखी, आणि शांतपणे जेवत होती. धाकटी म्हणाली, "सुधारली एकदाची." मला ते सुधारणं आवडलं नाही. फ्रॉकचा घेर हाताला लागला तर पट्टी ओली होती. वरचं कापड कोरडं ठणठणीत, पट्टी मात्र पिळली असती तर पाणी निघालं असतं.

"पाण्यात खेळलीस?"

"नाही, मोठी आई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरात नव्हती. ऊन डोक्यावर होतं, गल्लीत कुत्रंही फिरत नव्हतं. मी शेजाऱ्यांच्या अंगणात बघितलं, विहिरीत वाकून बघितलं, आणि मग पाय आपोआप नदीकडे वळले. कुंपण ओलांडलं आणि थांबले.

काठावरच्या ओल्या गाळात मुली ओळीने झोपल्या होत्या. भिंगरी, नावाड्याची नात, गिरणीवाल्याच्या दोघी, मास्तरांची मुलगी. सगळ्या उताण्या, पाय जुळवलेले, हात हनुवटीशी मुठी करून, जसं काही अंगावर ओढून घेतलंय. त्या एकमेकींशी कधी खेळल्याही नव्हत्या. मास्तरांची मुलगी तर आमच्या गल्लीत पायही टाकत नसे. डोळे मिटलेले, श्वास संथ चाललेला. भिंगरी पाण्याच्या बाजूला, अगदी कडेला. पाणी तिच्या खांद्यापासून हातभर लांब होतं. आणि ओळीच्या मधोमध एका मुलीएवढी जागा रिकामी सोडली होती.

मी तिला खसकन उठवलं. ती जड झाली होती, ओल्या धुण्यासारखी. डोळे उघडले आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मीच परकी.

"इथं काय करतेस?"

"झोपायची वेळ झाली."

"कुणी सांगितलं?"

तिने रिकाम्या जागेकडे बोट केलं आणि म्हणाली, "ती लांब आहे. तिला यायला वेळ लागेल."

बाकीच्या मुलींना मी हाका मारल्या, हलवलं, एकेकीला ओढून उभी केली. त्या मुकाट आपापल्या घरी गेल्या, आणि जाताना त्यांच्या घेरातून पाणी ठिबकत होतं.

मी सगळं घरी सांगितलं. भावजींनी पोरीला खोलीत कोंडलं. दुपार झाली तशी ती दाराशी येऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही, नुसती नखांनी दार खरवडत राहिली. धाकटीने चिडून तो फ्रॉक अंगावरून काढला आणि चुलीत घातला. पेटेना. धूर झाला नुसता. आणि इकडे पोरगी थंडीने कुडकुडायला लागली. बाहेर उन्हाने दगड तापले होते आणि तिचे दात वाजत होते. आम्ही घरातली सगळी पांघरुणं तिच्यावर घातली. "हे नाही," ती म्हणायची, "आमचं द्या." ओठ निळे पडले तसा धाकटीने चुलीतून तो फ्रॉक ओढून काढला, राख झटकली आणि तिच्या अंगात घातला. कुडकुडणं थांबलं, आणि ती उठून दाराकडे चालायला लागली.

रोज दुपारी मी काठावर जाऊन बसायला लागले. कोंडलं तर कुडकुडते, सोडलं तर तिथं जाते. निदान जवळ बसावं. बाकीच्या घरीही तेच चाललं असणार, कारण मुली येतच होत्या. नावाडी माझ्याशेजारी येऊन बसायचा आणि नुसता तंबाखू मळायचा. वरच्या अंगाला पुन्हा पाऊस लागला होता. पाणी चढत होतं. मी भिंगरीला उचलून वर सरकवायची, आणि पाठ फिरवली की ती पुन्हा आपल्या जागी. एका दुपारी पाणी तिच्या केसांना लागलं आणि केस त्याच्यावर तरंगले. त्या दिवशी मी घरी जाऊन धाकटीसमोर मटकन बसले.

"पांघरूण मागतंय ते," मी म्हटलं. "तुकडे केलेस ना तू? मी तरी कुठं अडवलं? आता गोळा कर आणि सांध."

"सासूबाई म्हणायच्या वाटलेलं सांधता येत नाही."

"सासूबाई शिंकल्यावर घराबाहेर पडायच्या नाहीत. ऊठ."

ती उठली. कात्री, सुई आणि दोरा पदरात बांधला, आणि आम्ही दोघी घरोघर निघालो. विकलेलं परत मागायला जाणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. नावाड्याने लगेच नातीला पुढे केलं. गिरणीवाल्याची बायको मात्र दारातच कंबरेवर हात देऊन उभी राहिली. "माल खपला आणि आता पट्टी परत? उद्या बाह्या मागायला याल." शेजारणी बघायला जमल्या. धाकटीने मान वर केली नाही. मुलींना अंगणात उभं करून, गुडघ्यावर बसून ती एकेक टाका उसवत होती, आणि उसवलेल्या दुमडीतून वाळू गळत होती. थोडी नाही, मुठीमुठीने. तिच्या गुडघ्यांभोवती ढीग झाला. गिरणीवाल्याच्या बायकोचा हात कंबरेवरून खाली आला, आणि ती आत जाऊन आमच्यासाठी पाणी घेऊन आली.

मास्तरांच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. "आमच्याकडे असल्या गोष्टींवर कुणी विश्वास ठेवत नाही," ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "ती मला बाई म्हणते हो. आई म्हणत नाही." आणि तिने स्वतःच पट्टी टरकावून माझ्या हातात कोंबली.

घरी जमिनीवर आम्ही तुकडे मांडले. भिंगरीचा फ्रॉक शेवटी उसवला, तेव्हापासून ती भावजींच्या मांडीवर कुडकुडत होती आणि ते तिला दोन्ही हातांनी धरून बसले होते. फिके डाग जुळवत जुळवत मी पट्ट्या लावल्या, कातरणात उरलेले बारके तुकडे शोधले, आणि धाकटीने सांधायला घेतलं. यंत्रावर नाही. तिने हाताने शिवलं. ती मूळ टाक्यांच्या भोकांतूनच सुई घालत होती आणि त्यासाठी तिने सुई डाव्या हातात धरली होती. वेडेवाकडे टाके पडले. रक्त आलं बोटाला. ती थांबली नाही.

सगळं झालं आणि मधोमध एका पट्टीची खाच उरली. मडकीवाल्याने नेलेली ती. त्याचं गाव कुणालाच माहीत नव्हतं. भावजी बाजारात विचारून आले, टेकडीवर जाऊन आले. कुणी सांगू शकलं नाही.

धाकटी उठली आणि तिची पेटी उघडली. तिच्या आईने मरायच्या आधी तिला निळं कापड दिलं होतं, नवंकोरं. इतक्या वर्षांत सगळ्या गावाचं शिवलं तिने, पण त्या कापडाला कात्री लावली नव्हती. चांगलं काही निघालं की शिवेन म्हणायची. तिने ते उलगडलं, मापाने पट्टी कापली आणि खाचेत बसवली. शेवटचा टाका घातला आणि तिने दोरा दाताने तोडला.

दिवस मावळायच्या आत भावजींनी चादर नेऊन कुंपणावर पसरली आणि खालचा काठ काट्यांखाली खोचला, जसा होता तसा. आम्ही घरी आलो. भिंगरीचं कुडकुडणं थांबलं होतं. तिने जेवायला मागितलं. मी वाढलं आणि तिच्याकडे बघायची हिंमत होईना म्हणून खाली बघितलं. तिचा एक पाय हलत होता. मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात जाऊन रडले.

सकाळी कुंपणावर चादर नव्हती. एका काट्याला फक्त निळी पट्टी टांगलेली होती. मला वाटलं वाऱ्याने फाटली. हातात घेतली तर फाटलेली नव्हती, नीट उसवलेली होती. आणि तिचे कच्चे काठ कुणीतरी आतल्या बाजूला दुमडून चारी बाजूंनी शिवले होते. बारीक, सारखे, उलट्या बाजूला झुकलेले टाके. धाकटीचे डाव्या हाताचे वेडेवाकडे टाके मी बघितले होते. हे ते नव्हते.

"आपलं परत केलं तिने," धाकटी म्हणाली. "आपण मात्र तिचं ठेवलं होतं."

मी पट्टी उलटसुलट बघितली. काठ का शिवले असतील? नुसती परत करायची तर काट्यावर टाकली असती. ती एखाद्या फ्रॉकच्या घेराला लावायला तयार केली होती. धाकटीलाही ते त्याच क्षणी कळलं असावं. तिने पट्टी घडी करून यंत्राच्या खणात ठेवली, आणि त्या दिवसापासून दुपारी आमच्यापैकी कुणी ना कुणी रस्त्याकडे तोंड करून बसायला लागलं. बाजारात धाकटी माल विकायची कमी आणि पोरींचे घेर बघायची जास्त. लोकांना वाटायचं बाईचं डोकं फिरलंय.

गाळ वाळला, भावजींनी नांगर घातला, उगवून आलं. नदी खाली गेली. पुराचं बोलणं मागे पडलं. मी रस्त्याकडे बघणं सोडलं नव्हतं, पण आता सवयीने बघत होते.

ती दुपारीच आली. टेकडीकडच्या वाटेने, अनवाणी, धुळीने भुरकी झालेली, भिंगरीएवढीच. पाय फुटले होते. मातकट फ्रॉक आता तिला आखूड होत होता, आणि घेराला पिवळी पट्टी. सगळ्या वाटेने धूळ खाऊन आलेली पोर, पण पट्टी ओली होती आणि तिच्या मागे रस्त्यावर थेंबांची रांग पडत होती. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. अंगणातून सरळ कुंपणाकडे निघाली.

"धाकटे," मी एवढंच म्हटलं.

ती यंत्रावरून उठली, खण ओढला आणि मागोमाग निघाली. मीही निघाले, गुडघ्यांना शिव्या देत. पोरगी काठावर पोचली. जिथं मुली झोपायच्या तिथं गाळ अजून ओलसर होता. तिने इकडेतिकडे बघितलं नाही. ओळीतली ती रिकामी जागा कुठं होती ते माझ्यापेक्षा तिला नीट माहीत होतं. तिथं ती उताणी झोपली, मुठी हनुवटीशी घेतल्या आणि डोळे मिटले.

धाकटी तिच्या पायाशी गाळातच बसली. उसवायला लागली. वाळू गळत होती. पिवळी पट्टी सुटली तशी पोरगी कुडकुडायला लागली, आणि धाकटीचे हात इतके थरथरले की सुईत दोरा जाईना. माझे हात तर कायमचेच कापतात, पण त्या वेळी कसा कोण जाणे, मी दोरा ओवून दिला. निळी पट्टी घेराला बरोबर बसली. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. धाकटी झोपलेल्या पोरीच्या अंगावरच शिवत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मी कान दिला. ती म्हणत होती, "झालं गं बाई, झालं, तुझी घेऊन जा, हिला सोड."

दोरा तोडला आणि पोरगी उठून बसली. आधी आमच्याकडे, मग नदीकडे बघितलं, आणि भोकाड पसरलं. "मला घरी जायचंय. माझे बाबा कुठंत?" इतकं चांगलं रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी तिला कडेवर घेतलं. धाकटीने पिवळी पट्टी कुंपणावर ठेवली, काठ खोचला, आणि आम्ही वळलो.

मडकीवाला संध्याकाळच्या आत आला, धापा टाकत, गावोगाव विचारत. पोरगी तोवर भिंगरीबरोबर अंगणात भांडत होती. तो माझ्या पाया पडायला लागला, मी त्याला दटावलं आणि जेवायला बसवलं.

ते गेल्यावर मी एकटी काठावर गेले. पट्टी नव्हती, ते मला अपेक्षितच होतं. गेले होते ते दुसरंच बघायला. ओल्या गाळात त्या पोरीचा ठसा उमटला होता, उताणा, छोट्या टाचांचा. आणि तिच्या पलीकडे, जिथं भिंगरी झोपायची त्याच्याही पलीकडे, अगदी पाण्याच्या कडेला, एक मोठा ठसा होता. बाईमाणसाचा, कुशीवर झोपलेला, पाठ पाण्याकडे आणि तोंड पोरांकडे. तिचा डावा हात लांब पसरून ओळीवरून गेलेला.

मी इतके दिवस समजत होते की ती पोरींना पाण्यात ओढतेय.

मी खाली वाकले, तिच्या पाठीशी साचलेलं पाणी हाताने थोडं बाजूला सारलं, आणि घरी आले.